कानामागचा दिवा

माझ्या नवऱ्याच्या कानामागचा हिरवा दिवा पहिल्यांदा लखकन लागला तो दुसऱ्या बाईच्या आवाजाला. आणि तो दिवा तिथं बसवला होता मीच, भिंग डोळ्याला लावून, स्वतःच्या हातानं सोल्डर करून. चोराच्या हाती किल्ली देणं म्हणतात ते हेच.

ती बाई म्हणजे मृण्मयी. इचलकरंजीत आमच्या घराखालचे जुने धोट्याचे माग काढून सुकुमारांनी हवेच्या झोतावर चालणारे नवे माग घेतले, आणि ते बसवून द्यायला, त्यावरचे प्रोग्रॅम शिकवायला कंपनीनं पुण्याहून हिला पाठवलं. तीस-बत्तिशीची, आवाज मऊ, बोलणं भरभर. पहिल्याच दिवशी जेवायला वर आली आणि पाटावर बसता बसता म्हणाली, "दादा, तुमच्या शेडचा व्होल्टेज फार खालीवर होतो हं." सुकुमारांनी मान तिच्याकडं कलवली आणि दिवा लागला. वाटीत आमटी घालता घालता माझा हात थांबला.

सुकुमार म्हणजे माझे यजमान. जन्म मागांच्या खडखडाटात गेला आणि पन्नाशीच्या आधीच कान गेले. आमच्या गावात ही गोष्ट केस पिकण्याइतकी साधी. कान गेल्यानं त्यांचं काही अडलं नाही, कारण मागावरची माणसं ओठ वाचतात. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे आक्कांनी, पहिल्या आठवड्यात मला स्वयंपाकातलं काही शिकवलं नाही. शिकवलं ते हे, की शेडमध्ये नवऱ्याला काही सांगायचं तर आधी मागाच्या चौकटीवर थाप मारायची, त्यानं वर बघितलं की समोर उभं राहायचं, घसा फाडायचा नाही, ओठ नीट हलवायचे. शिकले. इंजिनिअर होते, तरी तेवढं शिकले.

मी कोल्हापुरात एका छोट्या कंपनीत काम करते. आम्ही मायक्रोकंट्रोलरचे प्रोग्रॅम लिहितो. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच कामाला जुंपलेला इवलासा संगणक. मिक्सरमध्ये, विजेच्या मीटरमध्ये, लिफ्टमध्ये, आता तर उशीत आणि चपलेतसुद्धा तो बसलेला असतो. त्याला ना पडदा ना कीबोर्ड. आपण घरात आहोत हे कुणाला कळू न देता आयुष्यभर तेच काम करत राहायचं. घरोघरच्या सुनांना हे वर्णन ओळखीचं वाटेल.

आमचं नवं यंत्र होतं 'कानोसा'. साधं कर्णयंत्र सगळेच आवाज मोठे करतं, त्यामुळं लग्नाच्या मांडवात ते घातलेला माणूस वैतागून काढून खिशात टाकतो. कानोसा गर्दीतला एकच आवाज उचलून कानात सोडायचा आणि बाकीचे दाबायचा. एकच, कारण बॅटरी शर्टाच्या बटणाएवढी. दोन आवाज उचलणं तिला झेपत नव्हतं. मग तो एक कुणाचा? तर हे ऐकणाऱ्याच्या कानालाच विचारायचं, ही आमची युक्ती.

गाय आवाजाच्या दिशेनं कान वळवते. त्यासाठी लागणारे बारके स्नायू माणसाच्या कानामागंही आहेत. कान वळायचा कधीच बंद झाला, पण मेंदूकडून त्या स्नायूंना निरोप जायचा काही बंद झाला नाही. कुणाचं बोलणं नीट ऐकायला आपण धडपडलो, की तिथं विजेची अगदी बारीक थरथर उठते. कानोसाची पट्टी ती टिपायची. कुणाचा आवाज आल्यावर थरथर उठली ते चिप लक्षात ठेवायची आणि त्या आवाजाचा क्रमांक वर चढवायची. चिपच्या जगात असे क्रमांक असतातच. ती आपलं काम करत असते, आणि मध्येच कुणीतरी पदर ओढतं, 'आधी माझं बघ.' दोघांनी एकदम पदर ओढला तर वरच्या क्रमांकाचं आधी. आमच्या चिपमध्ये शून्य म्हणजे सगळ्यांत वरचा. शून्यवाला बोलला की बाकीच्यांनी गप्प बसायचं.

आणि दिवा? आमच्या धंद्यात श्रीगणेशा होतो तो दिवा लुकलुकवण्याच्या प्रोग्रॅमनं. पुढं माणूस कितीही मोठं काम करो, आत काय चाललंय ते कळायला एक दिवा हवाच, ही खोड जात नाही. चाचणीच्या नगांवर मी एक बारका हिरवा दिवा ठेवला. चिपनं आवाज पकडला की तो लागायचा.

चाचणीला माणसं हवी होती. मी नवऱ्याला उभं केलं. "मला येतंय तेवढं ऐकू पुष्कळ आहे," ते म्हणाले. मी हट्ट धरला. मग तो हट्ट मलाच महागात पडला.

मृण्मयीचं एक वेळ सोडा. दिवा आक्कांना लागला, आमच्या लेकीला, प्राचीला लागला. माग दुरुस्त करणाऱ्या जॉबर इराप्पाला लागला, दूधवाल्याला लागला. खालच्या गल्लीतून "ए भांडीऽऽ" ओरडत जाणाऱ्या बाईलाही एकदा लागला. फक्त मला लागत नव्हता.

आधी वाटलं, योगायोग. मग मी मुद्दाम बघायला लागले. पेपर वाचत बसलेल्या सुकुमारांसमोर जायचं, टेबलावर थाप मारायची आणि विचारायचं, "चहा घेणार?"

"अर्धा कप. साखर कमी."

उत्तर बरोबर, दिवा विझलेला.

"उद्या सांगलीला जायचंय, लक्षात आहे ना?"

"आहे गं. सकाळी निघू."

विझलेला.

आक्कांची नजर म्हणजे घार. दोनच दिवसांत त्यांनी ताडलं. भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "काय गं वृषाली, तुझ्या बोलण्याला दिवा लागंना व्हय?"

"नवीन यंत्र आहे आक्का. शिकतंय अजून."

"व्हय, शिकतंय. माझं नाव मात्र लगीच शिकलं बघ." आणि गवारीच्या शेंगेचा दोरा ओढून हसल्या. एरवी मला आक्का आवडतात. त्या दिवशी आवडल्या नाहीत.

रविवारी सुकुमार अंघोळीला गेले तशी मी कानोसा लॅपटॉपला जोडला आणि चिपनं कुणाकुणाचे आवाज साठवलेत ते बघितलं. सगळ्यांत वर मृण्मयी. तिच्याखाली प्राची, आक्का, इराप्पा. तळाला भांडीवाली. माझा आवाज खालच्या क्रमांकावर असता तर मी रडले असते, पण तो नव्हताच. अठरा वर्षं या माणसाशी मी बोलत आले आणि त्याच्या कानाला माझी दखलही नव्हती. मला त्या क्षणी मृण्मयीचा राग आला, आक्कांचा आला, पोटच्या पोरीचासुद्धा आला. भांडीवालीचा सगळ्यात जास्त आला.

असं फक्त माझ्याच घरी होत होतं असं नाही. चाचणीतल्या एका म्हाताऱ्या गुरुजींचा दिवा धाकट्या मुलाला लागायचा. थोरल्यानं महिन्याभरात वाटणी मागितली. एका बाईंचा दिवा नवऱ्यापेक्षा टीव्हीवरच्या निवेदकाला जास्त लागायचा, तर नवऱ्यानं टीव्हीच विकला. कंपनीच्या बैठकीत मी म्हटलं, "पक्क्या मालावर दिवा नको." साहेब म्हणाले, "मॅडम, गंमत बघा. कानोसा घालणारे म्हणतात दिवा नको, आणि त्यांच्या घरचे म्हणतात दिवा हवाच." सगळे हसले. मीही हसले, आणि घरी आल्यावर पहिली नजर टाकली ती दिव्यावर.

मृण्मयी आता रोजच संध्याकाळी वर यायची. नव्या मागाला तीन ठिकाणी चिपा, प्रत्येकीची तऱ्हा वेगळी, आणि सुकुमारांना ते सगळं समजून घ्यायचं होतं. आमचं पुढचं पोट त्यावर होतं. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण ती सोफ्यावर बसून भरभर, मऊ आवाजात बोलायची आणि सुकुमार कपाळाला आठ्या घालून, अंग पुढं काढून ऐकायचे, आणि दिवा असा तेवायचा की देव्हाऱ्यातली समई मागं पडावी. मी भडंगाची ताटली आपटून ठेवली.

"वहिनी, भडंग तुम्ही केलंय? कमाल झालंय हं," मृण्मयी म्हणाली.

"विकतचं आहे," मी म्हटलं. घरचं होतं. पण माझ्या हातचं तिला आवडलेलं मला चालणार नव्हतं.

पुढच्या रविवारी ते अंघोळीला गेले आणि मी करायचं ते केलं. स्वयंपाकघरात लॅपटॉपसमोर बसून थालीपिठाची कृती मोठ्यानं वाचली, म्हणजे माझ्या आवाजाचा नमुना झाला. तो चिपमध्ये टाकला. त्याला शून्य क्रमांक दिला आणि कुलूप घातलं. कानाच्या स्नायूंनी काहीही म्हणो, वृषाली बोलली की बाकी सगळे गप्प. आतून पाण्याचा आवाज थांबायच्या आत कानोसा परत डबीत ठेवलेला होता. ज्या माणसाच्या कानात मी हात घातला होता, त्याला एका शब्दानं विचारलं नव्हतं. तेव्हा त्याचं काहीच वाटलं नाही.

ते केस पुसत बाहेर जाऊन बसले. मी स्वयंपाकघरातूनच, गॅससमोरून हाक मारली, "अहो, चहा झालाय!"

"आण इकडंच," बाहेरून आवाज आला.

मी दारातून डोकावले. त्यांची पाठ माझ्याकडं होती, आणि कानामागं हिरवागार दिवा. मी तिथंच चिमटा हातात घेऊन एक गिरकी मारली. आक्का प्राचीला म्हणाल्या, "काय झालं गं हिला?"

पुढचे काही आठवडे मी सुखात लोळले. मृण्मयी सोफ्यावर काहीतरी सांगत असली, की मी आतून म्हणायची, "अहो, गॅसवाला येऊन गेला." तिचं वाक्य अर्ध्यात तुटायचं आणि सुकुमार तिला म्हणायचे, "थांबा हं मॅडम, काय म्हणालात?" ती बिचारी पुन्हा पहिल्यापासून सांगायची. मी पुन्हा म्हणायची, "अहो, गॅसचं पुस्तक कुठंय?" मी अशी वागले. वागताना मजा आली, हेही खरं.

मी बोलायला लागले ती थांबेनाच. गॅलरीतून बोलायची, कपाटात डोकं घालून बोलायची, पोळी लाटताना भिंतीकडं तोंड करून बोलायची. पूर्वी एवढ्यातेवढ्यासाठी उठून त्यांच्यासमोर जावं लागायचं. आता सगळं बसल्या जागी. ते 'हं' म्हणायचे, 'बरं' म्हणायचे, उत्तर द्यायचे. दिवा दिवसभर हिरवा.

एकदा मला कणकण होती. अंग मोडून आलं होतं. मी सोफ्याच्या मागं उभी राहून म्हटलं, "मला बरं वाटत नाहीये हो."

"गोळी घे ना," ते म्हणाले. मान मोबाइलमध्ये. सुताचे भाव बघत होते.

मी गोळी घेतली. गोळी घेताना काहीतरी खुपत राहिलं. हाच माणूस पूर्वी मी ताप आलाय म्हणायच्या आधी म्हणायचा, "डोळे का असे झालेत तुझे?" आता त्याला माझे डोळे कुठून दिसणार? मी मागं उभी होते, आणि तो वर बघत नव्हता. आठवून बघितलं. त्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडं बघितलंच नव्हतं. मी कुंकवाची टिकली बदलली होती, केस कापून घेतले होते. प्राचीनं ओळखलं, इराप्पानंसुद्धा ओळखलं.

मी पांघरूण घेऊन पडले. प्राची उशाशी मोबाइल चाळत बसली होती. तिच्या मोबाइलमध्ये जागा संपली होती आणि ती जुने व्हिडिओ पुसत होती. एकदम खुदखुदली.

"आई, हे बघ. बाबांनी कानोसा नवीन नवीन घातला तेव्हाचं. तू कसली भारी दिसतेस यात. मूकपटातली हिरॉईन."

"मूकपट कसला?"

"अगं, तू बाबांशी बोलताना आवाजच काढायची नाहीस. तुला माहीत नव्हतं? हल्लीच तू मोठ्यानं बोलाय लागलीस त्यांच्याशी. मी परवा आजीला म्हटलोसुद्धा."

मी मोबाइल हातात घेतला. व्हिडिओत आमची बैठकीची खोली. आक्का बोलतायत, त्यांचा आवाज ऐकू येतोय, दिवा लागतोय. प्राची "बाबा, स्माइल!" म्हणते, दिवा लागतो. मग मी येते. टेबलावर थाप मारते. सुकुमार वर बघतात. मी बोलते, चांगली दोन-तीन वाक्यं, हातवारे करून, डोळे मोठे करून. आवाज नाही. पंख्याची घरघर ऐकू येतेय, खालचे माग ऐकू येतायत, माझं एक अक्षर नाही. दिवा विझलेला. आणि सुकुमार माझ्या तोंडाकडं बघतायत, हातातलं सगळं विसरून, आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत हसतायत.

"मागवाल्यांची सून ती," दारातून आक्का म्हणाल्या. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कळलं नाही. "आम्ही नवऱ्याशी तोंडानं कवा बोललो? सगळं व्हटानंच. तुला मीच शिकवलंय न्हवं?"

दुसऱ्या कुणाच्या घरची तक्रार असती, तर मी पहिला प्रश्न विचारला असता, 'आवाज मायक्रोफोनपर्यंत पोचतोय का?' शिकाऊ पोरगंसुद्धा तिथून सुरुवात करतं. मला ते सुचलं नाही, कारण मी यंत्रातला दोष शोधत नव्हते, नवऱ्यातला शोधत होते. मी त्याच्याशी बोलताना आवाज काढत नव्हते, हे मला अठरा वर्षांत कधी जाणवलंच नव्हतं. आपल्या चालीचा आवाज आपल्याला कुठं येतो? चिपनं माझा आवाज साठवला नाही, कारण त्यांच्याशी बोलताना तो कधी निघालाच नव्हता, आणि मी इतरांशी बोलत असताना कान देऊन ऐकायची त्यांना गरजच नव्हती. आणि मृण्मयीच्या वेळी थरथर उठायची, कारण तिचं भरभर बोलणं समजून घ्यायला त्यांना कष्ट पडायचे. माझ्यासाठी त्यांना कान लागतच नव्हते.

मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. पुन्हा लावला. त्यातल्या त्या बाईचा मला असा हेवा वाटला, जसा मृण्मयीचा कधी वाटला नव्हता. तिच्याकडं कुणीतरी तसं बघत होतं. ती बाई मीच होते, आणि तिला घराबाहेर काढलं होतं तेही मीच.

"हा पुसू नको," मी प्राचीला म्हटलं.

पुढच्या अंघोळीच्या वेळी मी माझा आवाज चिपमधून काढून टाकला. कुलूपही काढलं. यंत्र दुरुस्त करायला फार काही लागलं नाही. माणसाचं काय, ते मला माहीत नव्हतं. माणसाची सवय मोडायला महिना पुरतो. पुन्हा लागायला किती लागतो, हे कुठल्या पुस्तकात दिलेलं नाही. मला खरोखर भीती वाटली.

संध्याकाळी सुकुमार खिडकीशी बसले होते, मोबाइलमध्ये मान घालून. मी समोर स्टूल ओढून बसले आणि टेबलावर थाप मारली.

"काय गं? बोल की," ते म्हणाले. मान खाली.

मी बोलले. ओठांनी, आक्कांनी शिकवलं तसं.

ते थांबले. काहीच ऐकू आलं नाही तसा हात कानाकडं गेला. "बॅटरी गेली वाटतं," म्हणत त्यांनी वर बघितलं.

मी मान हलवली. बॅटरी नव्हती गेली. पुन्हा बोलले.

"अगं, मोठ्यानं बोल की. काय हे?"

ते शब्द लागले मला. आवाज घशापर्यंत आला होता. एक हाक मारली की काम झालं असतं. मी तो गिळला. पुन्हा तेच बोलले, सावकाश, ओठ नीट उघडून, 'मी तुमच्या कानात ढवळाढवळ केली.'

त्यांनी डोळे बारीक केले. चष्मा न लावता बारीक अक्षर वाचावं तसे. मोबाइल मांडीवर राहिला होता, तो त्यांनी बाजूला ठेवला. मी सांगत गेले. दिव्याचं सांगितलं, भांडीवालीचं सांगितलं, भडंग घरचं होतं तेही सांगितलं. मध्येच रडायला आलं, आणि रडताना ओठ नीट हलत नाहीत, त्यामुळं त्यांना काय कळलं नि काय नाही, देव जाणे.

तेवढ्यात जिन्यातून मृण्मयीची हाक आली, "दादा, येताय ना? नवा प्रोग्रॅम टाकलाय, माग सुरू करतोय!"

त्यांच्या कानामागं दिवा लागला. हिरवा, झगझगीत. हाक त्यांना स्वच्छ ऐकू गेली होती. त्यांनी जिन्याकडं नुसता तळहात केला. शेडमध्ये माग थांबवायला करतात तसा. डोळे मात्र माझ्या तोंडावरून हलले नाहीत.

मग त्यांचे ओठ हलले. आवाज नव्हता.

'हळू. सवय गेलीय. पहिल्यापासून सांग.'

खालून हाका येत राहिल्या, दिवा लागलेला होता तो लागलेलाच राहिला, आणि ते माझ्याकडं बघत होते. मी डोळे पुसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.